तुमच्याकडे लाइट आहे काय?

कोकणातल्या घराला पावसाळ्यात दोनच तक्रारी असतात. पाणी नको तिथे येतं आणि वीज हवी तिथे येत नाही. बाकी सगळं छान, हिरवंगार वगैरे. मुंबईचे पाहुणे फोटो काढतात ते त्या बाकीचे.

या दोन्हींचा बंदोबस्त मे महिन्यात करायचा असतो. जुनी माणसं रोहिणी लागेपर्यंत, म्हणजे २५ मेच्या सुमारास, छपरावरून खाली उतरलेली असत. आपण मृगापर्यंत, ७-८ जूनपर्यंत, "अजून कडक ऊन आहे हो" म्हणत बसतो. वादळ मात्र पंचांग बघत नाही. तौक्ते २०२१ मध्ये मेच्या मध्यावरच कोकणकिनारा झोडपत वर गेलं. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. म्हणून माझ्या मते खरी मुदत १० मे. त्या तारखेला गडी मिळत नाही, हा भाग वेगळा.

सुरुवात कौलांपासून. हजार चौरस फुटांच्या छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्याकडे असे दिवस काही दुर्मीळ नाहीत, तर ९००० लिटरच्या वर पाणी त्या कौलांवरून वाहतं. त्यातलं एक तांब्याभर घरात आलं तरी ते नेमकं गाद्यांच्या घडीवर येतं. ते पडतं तिथे वर कौल फुटलेलं असतं, अशी समजूत असेल तर सोडा. फुटक्या कौलातून आलेलं पाणी आधी रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीवर, मग वाशावर उतरतं, वाशावरून निवांत खाली चालत जातं आणि एखादी गाठ लागली की तिथे टपकतं. दोष चार हात वर असतो आणि बादली खाली. म्हणून शोध पाऊस पडताना घ्यायचा नाही, मेच्या भर दुपारी घ्यायचा. दारं-खिडक्या लावून घर काळोखं करायचं आणि वर बघायचं. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून माडाचा हीर, म्हणजे पातीची कडक काडी, वर सरकवायचा. छपरावरच्या माणसाला हीर दिसतो आणि तो बरोबर तेच कौल काढतो. नाहीतर खालून "डावीकडे, अहो तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे" हा संवाद सुरू होतो आणि त्यात दोन चांगली कौलं फुटतात.

मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं. ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, दीडशेच्या आसपास लागतात. पाय द्यायचा तो खाली रीप असते तिथे, जिथे एक कौल दुसऱ्यावर चढतं त्या पट्टीवर. कौलाच्या मध्यावर पाय दिला की ते फुटतं, आणि फुटलं ते 'आधीचंच' असतं. छपरावरच्या माणसाला चहा द्यावा, सल्ला देऊ नये.

जादा कौलं चाळीस-पन्नास तरी गोठ्यामागे रचून ठेवावीत, तीही आपल्याच छापाची. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी निराळी असते. दुसऱ्या छापाचं कौल वरून बसल्यासारखं दिसतं, पण शेजारच्यात गुंतत नाही. त्या फटीतून वाऱ्याबरोबर पाणी वर चढून आत येतं. जुनं घर पाडणाऱ्याकडून कौलं घेताना एक फुटकं कौल नमुना म्हणून बरोबर न्यावं. आणि कोन्यांकडे, म्हणजे आढ्यावर पालथ्या बसवलेल्या कौलांकडे, बघायला विसरू नये. आढ्यावरच्या त्या कोन्यांचं सिमेंट उन्हाने तडकलेलं असतं आणि खालून ते कधीच दिसत नाही. दोन उतार मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळात आंब्याचा पाला साठलेला असतो, तोही काढायचा. त्या पन्हळाइतकी गळती घरातल्या दुसऱ्या कुठल्याही जागेतून होत नाही.

एवढं झालं की वानर येतात. वानराला आपल्या आगोटीशी, या पावसाआधीच्या तयारीशी, घेणं-देणं नसतं, फणसाशी असतं. फणसावरून आंब्यावर जायचा त्यांचा रस्ता आपल्या आढ्यावरून जातो आणि मोठा नर उतरताना पायऱ्या वापरत नाही. उपाय दोन. छपरापासून दहा फुटांच्या आतल्या फांद्या तोडायच्या, आणि झाडावरचे फणस संपल्यावर कौलांवरून परत एक नजर फिरवायची. फटाके, गलोल, वाघाचं चित्र हे उपाय माणसाच्या समाधानासाठी आहेत.

पडवीला पत्रे असतील तर ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायची पद्धत आहे. वादळात पत्रा उडतो आणि दगड शेजाऱ्याकडे जातो. पत्रा वरच्या दाबाने नव्हे, खालून शिरलेल्या वाऱ्याने उचलला जातो, आणि सुरुवात कडेपासून होते. म्हणून कडेच्या ओळीला जे-हुक दाट मारायचे, छिद्र नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, आणि कडक झालेले वायसर बदलायचे. पडवीला झड अडवायला पूर्वी झावळांची विणलेली झापं बांधत, आता निळं प्लास्टिक. ते नुसतं भोकांत सुतळी ओवून बांधलं की पहिल्याच वाऱ्यात भोकं फाटतात. कडेला चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी गुंडाळून ती काठी बांधली तर गणपतीपर्यंत टिकतं.

आता लाइट. लाइट जाण्याची सोय आपल्याच आवारात असते. माडाचं ओलं झावळ दोन तारांवर आडवं पडलं की काम झालं. ओलं झावळ वीज उत्तम वाहून नेतं. सुकी झावळं आणि नारळ मेमध्येच उतरवून घ्यावेत. तारेवर आलेली फांदी मात्र लाइन बंद करून वायरमननेच तोडायची. "कोयती लाकडी मुठीची आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्याच्या हातून कोयती काढून घ्यावी.

खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पेटीत शिरण्याआधी वीतभर खाली झोल घेऊन मग वर चढली पाहिजे. पाणी वायरीवरून ओघळत येतं आणि झोलाच्या तळाशी गळून पडतं. झोल नसेल तर तेच पाणी सरळ मीटरमध्ये जातं. एवढी साधी गोष्ट, पण इलेक्ट्रिशियनला वायर ताणून सरळ केली की काम नीटनेटकं झाल्यासारखं वाटतं. वायरीच्या पाइपाचं तोंडही आभाळाकडे नको, जमिनीकडे हवं. पंपाच्या स्टार्टरपेटीची भोकं बुजवावीत, कारण पाली आणि मुंग्यांना कोरडी, ऊबदार जागा आवडते. आत मेलेली पाल कॉन्टॅक्टमध्ये अडकते आणि पंप बंद पडतो. मग पंपाचा माणूस पंप वर काढतो.

लाइट गेली की कोणीतरी ओट्यावर येऊन ओरडतं, "वहिनी, तुमच्याकडे लाइट आहे काय?" पाहुण्यांना ही चौकशी वाटते. ही तपासणी आहे. वहिनींकडे असेल, तर दोष आपल्या पेटीत किंवा सर्व्हिस वायरमध्ये. त्यांच्याकडे नाही पण वरच्या वाडीत आहे, तर डीपीवरचा, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला. वरच्या वाडीतही नाही, तर डीओ, म्हणजे वरच्या मोठ्या लाइनवरचा फ्यूज, उडाला असेल. समोरच्या डोंगरावरचं गावही काळोखात असेल तर फिडर, म्हणजे सबस्टेशनकडून येणारी मुख्य लाइनच गेली, आणि मग खुशाल जेवून घ्यावं. वायरमनला फोन करताना "लाइट नाही" एवढंच सांगू नये, ते त्याला माहीत असतं. कुठे आहे आणि कुठे नाही हे सांगितलं तर त्याची भर पावसातली पायपीट वाचते.

याहून वाईट म्हणजे लाइट जास्त येणं. वाऱ्यात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार तुटली की दोन वेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या मागे जोडल्यासारखी होतात. ज्या घरात कमी वस्तू चालू, त्या घरात व्होल्टेज तीनशेच्या पार जाऊ शकतं. बल्ब अचानक पांढरेफटक होतात, पंख्याला उत्साह येतो. अशा वेळी "आज लाइट छान आहे" असं न म्हणता धावत जाऊन मेन स्विच पाडावा. एमसीबी, म्हणजे पेटीतला आपोआप पडणारा खटका, इथे मदतीला येत नाही. तो जास्त करंटला पडतो, आणि तेवढा करंट वाहायच्या आत फ्रिजचं कार्ड गेलेलं असतं. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेजचं यंत्र पेटीत बसवावं, वर २७० आणि खाली १८० च्या आसपास लावावं, आणि परत चालू व्हायला तीन मिनिटांचा उशीर ठेवावा. कॉम्प्रेसरला तेवढी उसंत लागते.

पावसात आरसीसीबी, म्हणजे शॉक लागू नये म्हणून गळतीवर पडणारा खटका, वरचेवर पडतो. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की पडणं हेच त्याचं काम. तो काढून टाकणारे, काडी अडकवून ठेवणारे वीर गावोगावी आहेत. त्यांना नमस्कार. दोष शोधायचा तर सगळे एमसीबी पाडायचे, आरसीसीबी वर करायचा, मग एकेक एमसीबी चढवत जायचा. ज्याला पडेल त्या लाइनवर बहुतेक गोठ्यातला होल्डर किंवा अंगणातला दिवा असतो. सगळे एमसीबी पाडूनही पडत असेल, तर कुठेतरी न्यूट्रल ओल्या भिंतीला लागलाय. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. हे न कळल्यामुळे पुष्कळ चांगले आरसीसीबी भंगारात गेले आहेत.

इन्व्हर्टरचा हिशेब लग्नाच्या बोलणीसारखा, कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक. १५० अँपिअर-अवरची बॅटरी, १२ व्होल्ट, म्हणजे १८०० वॉट-अवर. त्यातले अकराशे-बाराशे वापरावेत. दोन साधे पंखे दीडशे वॉट, चार एलईडी दिवे छत्तीस, शिवाय इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं. सहा तास, फार फार तर. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, असतील तर दहा तासांच्या पुढे जातं. पण खरी मेख भरण्यात आहे. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात आणि लाइट येते दोन तास. अशी अर्धपोटी बॅटरी चार महिने ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि दिवाळीपर्यंत ती घोषणा करण्यापुरती उरते. म्हणून लाइट गेल्यावर पहिल्या तासातच काटकसर सुरू करावी, शेवटच्या नाही. पाणी डिस्टिल्डच घालायचं. पावसाचं पाणी 'शुद्धच असतं' म्हणणारा माणूस प्रत्येक वाडीत एक तरी असतो.

एक अश्वशक्तीचा पंप या इन्व्हर्टरवर चालत नाही. सुरू होताना तो नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो. म्हणून रहाट मोडून विहिरीवर ग्रिल बसवण्याआधी विचार करावा. निदान कप्पी, दोर आणि कळशी जागेवर असू द्यावी, आणि दोर मेमध्ये एकदा पूर्ण भरलेल्या कळशीनिशी ओढून बघावा.

बेगमीबद्दल वेगळं काय सांगणार? तांदूळ, कुळथाची पिठी, आमसुलं, कांद्याच्या माळा, सुकट आणि बोंबील ज्याच्या त्याच्या घरी असतातच. फक्त माचिस तांदळाच्या डब्यात ठेवावी आणि सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पाऊस लागायच्या आत माळ्यावर चढवावीत. एक गोष्ट फ्रीझरबद्दल. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. लाइट दोन दिवसांनी आली आणि नाणं बर्फाच्या खाली गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून परत गोठलंय. ती सुरमई मांजरालाही देऊ नये. झाकण न उघडता भरलेला फ्रीझर दोन दिवस तग धरतो, खालचा फ्रिज जेमतेम चार तास. पण "किती गार आहे बघू" म्हणून दर तासाला दार उघडणारं माणूस घरात असतंच.

लाइट परत आली की लगेच सगळं चालू करू नये. लाइन चार्ज करून, म्हणजे वीज सोडून, बघतात, ती पुन्हा पडते, पुन्हा चढवतात. पाच मिनिटं एकच दिवा लावून बसावं. मग पहिला पंप, टाकी भरेपर्यंत. मग फोन, जरी टॉवरची बॅटरी संपल्याने रेंज नसली तरी. मग फ्रिज. टीव्हीची पिन मात्र विजा थांबेपर्यंत लावू नये, डिशची वायरही काढलेलीच बरी. मालिकेत काय झालं ते पुण्याची मावशी रेंज आल्यावर सांगते, तेही न विचारता.