ड्रायरची नळी नेमकी कोणाची?

गेले काही महिने आमच्या कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये टॉवेल एका फेरीत वाळेनात. मशीन म्हातारं झालं असं समजून मी नवं शोधायलाही लागलो होतो. शेवटी डक्ट, म्हणजे ड्रायरची दमट हवा घराबाहेर नेणारी नळी, साफ करणाऱ्याला बोलावलं. त्याने भिंतीतल्या नळीत लांब ब्रश घालून करड्या लिंटचे, म्हणजे कपड्यांतून सुटलेल्या तंतूंचे, गोळेच्या गोळे ओढून काढले. बादली भरली! बाहेरच्या तोंडाला कुणीतरी पक्षी शिरू नयेत म्हणून बारीक जाळी ठोकलेली, ती तर नमद्यासारखी बुजली होती. (तिथे जाळी लावायचीच नसते. हवेने उघडणारी झडप पुरते.)

मी प्रत्येक धुण्यानंतर ड्रायरची आतली जाळी झटकतो, म्हणून स्वतःला फार शहाणा समजत होतो. पण तिच्यातून निसटलेला बारीक लिंट दमट हवेबरोबर पुढे जातो आणि वळणांवर चिकटून बसतो. आणि अपार्टमेंटमध्ये वळणांना तोटा नाही, कारण ड्रायर असतो घराच्या मधोमध एखाद्या कपाटात. अमेरिकेतल्या नमुना बांधकाम कोडात (नियमावलीत) या नळीची लांबी साधारण 35 फुटांपर्यंत धरली आहे, त्यातून प्रत्येक साध्या काटकोनी वळणाचे 5 फूट वजा. आमच्या नळीला अशी चार वळणं आहेत.

हवा कोंडली की मशीन तापतं, आणि लिंट म्हणजे पेट घ्यायला टपलेला कापूसच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार 2008 ते 2010 या काळात ड्रायरमुळे घरांना वर्षाला सुमारे 2,900 आगी लागल्या, आणि सर्वांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं : 34 टक्के. गॅसवरच्या ड्रायरला तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचण्याचाही धोका.

आमच्या इमारतीचं बोर्ड, म्हणजे कारभार बघणारी समिती, म्हणतं, ड्रायर तुमचा तर नळीही तुमची. मशीनमागची ती सुरकुत्यांची प्लॅस्टिक नळी माझी, कबूल. ती फेकून मी धातूची बसवली. पण बाहेरचं तोंड तिसऱ्या मजल्यावर, सामाईक भिंतीत. तिथे मी शिडी लावू? आणि मी साफ केली, खालच्याने दहा वर्षं केली नाही, तर आग काय त्याच्याच घरात थांबणार आहे?

वर्षातून एकदा सगळ्या नळ्या इमारतीनेच साफ करून घ्याव्यात, मेंटेनन्समधून. ड्रायर नसलेले कुरकुरतील. लिफ्टचा खर्च तळमजलेवालेही देतातच की.

मंगळवारी सभा आहे. तुमच्या इमारतीत हे काम कोण करतं आणि खर्च कसा वाटता, तेवढं कमेंटमध्ये लिहा.