पाकटाचा काटा लागला तर बर्फ नको, गरम पाणी

"पाकट मासा चावला तर लगेच काटा उपटून टाका, वर दोरी आवळून बांधा, विष तोंडाने ओढून थुंका, व्हिनेगर किंवा लघवी ओता आणि बर्फ लावा. दुखायचं थांबलं की डॉक्टरकडे जायची गरज नाही." हा मेसेज हजारो मोबाइलवर फिरतोय. वाचायला सोपा, लक्षात राहायलाही सोपा, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला जखमी माणसाला आणखी इजा करणारा किंवा त्याचा वेळ घालवणारा आहे.

सुरुवातच चुकली आहे. पाकट, म्हणजे स्टिंगरे, चावत नाही. तो उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून पडून असतो. त्याच्यावर पाय पडला की शेपूट उसळते आणि तिच्यावरचा काटा पावलात नाहीतर घोट्यापाशी घुसतो. हा काटा जवळून पाहिला की पुढचं सगळं उमगतं. दोन्ही कडांना करवतीसारखे दात, आणि ते सगळे मागे वळलेले. खालच्या अंगाला दोन खोबणी, त्यांत विष बनवणाऱ्या पेशी. या सगळ्यावर पातळ त्वचेची खोळ. काटा आत शिरताना ती खोळ फाटते, विष जखमेत उतरतं आणि काट्याचे किंवा खोळीचे तुकडे आतच राहू शकतात. मेलेल्या पाकटाच्या काट्यातही विष असतं, हे जाळं सोडवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता "काटा उपटून टाका". दात मागे वळलेले असल्यामुळे काटा जाताना जेवढं फाडतो त्याहून जास्त बाहेर येताना फाडतो. पायाच्या जखमेत वरवर दिसणारा, सहज सुटणारा तुकडा चिमट्याने काढायला हरकत नाही. खोल रुतलेला काटा मात्र डॉक्टरांनीच काढावा. आणि छाती, पोट, मान किंवा जांघेत काटा असेल तर त्याला हातच लावू नका. त्याने एखादी रक्तवाहिनी दाबून धरलेली असू शकते, उपटलात तर रक्ताची धार लागेल. काटा हलणार नाही अशा बेताने भोवती कापडाच्या घड्या ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. टीव्हीवर वन्यजीवांचे कार्यक्रम करणारे स्टीव्ह अर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियात मरण पावले ते छातीत काटा घुसल्यामुळेच. असे मृत्यू फार विरळ आहेत, पण छातीतली जखम बाहेरून किती लहान दिसते यावर विसंबू नये.

दोरी बांधणं आणि विष चोखणं, दोन्ही निरुपयोगी. पाकटाचं विष मुख्यतः जखमेच्या आसपासच काम करतं, तिथल्या ऊतींची हानी करतं. वर आवळून बांधलंत तर त्याच ऊतींचा रक्तपुरवठा तुटतो. तोंडाने चोखून विष निघत नाही, तोंडातले जंतू मात्र जखमेत जातात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर नीट दाब द्या. हे सगळ्यात आधी, बाकी नंतर.

व्हिनेगरचा सल्ला दुसऱ्याच प्राण्याचा आहे. काही जातींच्या जेलीफिशच्या दंश करणाऱ्या पेशी त्याने शांत होतात, पण पाकटाला तशा पेशीच नसतात. लघवीचा तर जेलीफिशलाही उपयोग नाही.

बर्फाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. मुरगळलं, सुजलं की आपण बर्फ लावतो, तसंच इथेही असेल असं कुणालाही वाटेल. इथे नेमकं उलटं करायचं असतं. पाकटाचं विष प्रथिनांचं बनलेलं असतं आणि ही प्रथिनं उष्णतेने बिघडतात. शिवाय उष्णतेच्या संवेदनेमुळे वेदनेची संवेदनाही दबत असावी, असं मानलं जातं. या जखमेची वेदना ३० ते ९० मिनिटांत शिगेला पोचते आणि कधी कधी दोन दिवस टिकते. बर्फ शोधण्यात गेलेला वेळ म्हणूनच महाग पडतो.

करायचं ते असं. समोर बादली. पाणी सोसवेल इतकं गरम, पण ४५ अंश सेल्सिअसच्या वर नाही. थर्मामीटर नसेल तर दुसऱ्या, न दुखणाऱ्या पायाने किंवा हाताने आधी अंदाज घ्या. जखमी पाय वेदनेने इतका भरून गेलेला असतो की त्याला चटका कळत नाही, आणि मदतीच्या घाईत कातडी भाजते. पाय ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा. पाणी कोमट झालं की पाय बाहेर काढायचा, गरम पाणी मिसळायचं, पुन्हा हात घालून पाहायचं, मगच पाय आत. बहुतेकांना एवढ्याने बराच आराम पडतो. नाही पडला तर वेदनाशामक औषध डॉक्टर देतील.

शेवटचं वाक्य, "डॉक्टरकडे जायची गरज नाही", हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण आराम पडलेला माणूस ते लगेच मान्य करतो. वेदना गेली म्हणजे जखम स्वच्छ झाली असं नाही. ती भरपूर पाण्याने धुवावी लागते, आत तुकडा आहे का ते एक्स-रे किंवा सोनोग्राफीने पाहावं लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आहे का ते ठरवावं लागतं. खोल जखमेला प्रतिजैविकंही लागू शकतात, कारण समुद्राच्या पाण्यातले काही जंतू वेगाने संसर्ग पसरवतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर मुळीच थांबू नये. श्वास लागला, चक्कर आली, अंगावर गांधी उठल्या तर बादली तिथेच सोडून रुग्णवाहिका बोलवा. आणि काही आठवड्यांनीही जखम भरत नसेल, पू येत असेल किंवा चालताना तिथेच टोचत असेल, तर आत तुकडा राहिला असण्याची शक्यता डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पाकटाचा काटा लागला होता हे तुम्ही बोलल्याशिवाय त्यांना कळणार नाही.