कोळी, कूळ आणि माझा ओठ

घरात कुणाचं लग्न ठरलं की माझ्या खालच्या ओठाला लगेच बातमी लागते. यंदा मे महिन्यात मामेबहिणीच्या पत्रिका वाटायला भर उन्हात दोनदा आयर्विन पूल ओलांडला आणि रात्री ओठाचा डावा कोपरा चुरचुरायला लागला. सकाळी आरशात चार टपोऱ्या फोडांचा घोस. सांगलीत घोस म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात.

"कोळी मुतलाय की रे!" मामींनी दारातूनच निदान केलं. लहानपणी मला कडेवरून खाली न ठेवणाऱ्या मामी. त्यांच्यापुढे काय बोलणार? आईच्या मते उष्णता, म्हणून सब्जा. मेडिकलवाल्यानं न विचारता बी कॉम्प्लेक्सची पट्टी पुढे सरकवली. आणि हळदीच्या बाजारपेठेत राहून हळदीला नाही कसं म्हणायचं? नवरीच्या दोन दिवस आधी मलाच हळद लागली.

त्यात पाहुण्यांसमोर भडंग आलं. तिखटात न्हालेला एक शेंगदाणा नेम धरल्यासारखा फोडावर बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बहिणीवर किती जीव आहे बघा," पाहुणे म्हणाले.

शेवटी डॉक्टर गाठले. "कोळ्याचा काही संबंध नाही. हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू आहे. एकदा शिरला की चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी झोपून राहतो. ऊन, ताप, दगदग, टेन्शन मिळालं की पुन्हा उगवतो."

म्हणजे कूळच लागलं की! ओठाच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कात, त्याचं नाव कायमचं.

"काढता नाही येत?"

"नाही. चुरचुर सुरू होताच असिक्लोव्हिरचं मलम लावायचं, दिवसातून 5 वेळा. आता उशीर झालाय. 7 ते 10 दिवसांत आपोआप खपली पडेल. फोडाला हात लावून डोळे चोळू नका, तान्ह्या बाळाचा पापा तर मुळीच घेऊ नका. आणि उन्हात जाताना ओठाला सनस्क्रीनवाला बाम."

"पण आला कुठून?"

"लहानपणी कुणीतरी लाडानं पापा घेतला असेल."

लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी उजवीकडूनच आहे. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी मामी तोंडाला पदर लावून हळूच माझ्या खोलीत आल्या. आठ दिवसांची धावपळ, जागरणं, मांडवातलं ऊन.

"तुझं ते मलम जरा दे की," पदराआडून आवाज आला. "कोळ्यावर चालतंय का ते?"