अर्ध्या तिकिटात दोघी

एका दिवसात सहा ठिकाणं 'करून' आलेल्यांना मला एकच विचारायचंय, त्यातलं आठवतं काय? कारण आम्हीही केलीत. दोन वर्षांमागं भाड्याची गाडी केली. सकाळी मकबरा, मग दौलताबाद, खुलताबाद, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, शेवटी वेरूळ. ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी "ताई, वीस मिनिटं हं" म्हणायचा. आईचे गुडघे वीस मिनिटांत गाडीतून उतरतात, तेवढंच. निम्म्या ठिकाणी ती आतच बसून राहिली. परभणीला आल्यावर शेजारणीनं विचारलं, काय काय पाहिलं? आई म्हणाली, "पार्किंग."

यंदा रेल्वेनं संभाजीनगर गाठलं, नणंदेकडं उतरलो आणि ठरवलं, फिरायचं ते लालपरीनं, दिवसाला एकच ठिकाण.

मध्यवर्ती बसस्थानकावर कन्नडकडची गाडी बघायची, चढण्याआधी "वेरूळवरून जाते का?" एवढं विचारून घ्यायचं. (मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.) आई शहात्तरची, म्हणजे तिला प्रवास फुकट. मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट, ते माझं. दोघींत मिळून अर्धंच तिकीट! कंडक्टरनं मागायच्या आधीच आईनं बटव्यातून आधार कार्ड काढून पुढं धरलं होतं. शून्य रुपयाचं तिकीट नीट घडी घालून बटव्यात गेलं, ते अजून तिथंच आहे.

वेरूळला 34 लेणी. आम्ही पाहिलं एक, सोळावं, कैलास. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. वरून खाली कोरत आणलंय, आधी कळस, मग बाकीचं, हे मी सांगितलं तशी आई सावलीत टेकली आणि मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मंजे पाया शेवटी? आन् मधीच एखाद्याचा घाव चुकला आसता तर?"

मला काही सुचलं नाही. दीड तास बसलो. तेवढ्या वेळात तीन ग्रुप आले, हत्तीपाशी फोटो काढले आणि गेले. त्या हत्तीची सोंड तुटलेली आहे, हे आईनंच मला दाखवलं.

सगळं गोडच होतं असं नाही. परतताना पाऊण तास रस्त्याकडेला उभ्या होतो. एका रसवंतीवाल्यानं आईला खुर्ची दिली म्हणून बरं. ज्याला घाई आहे त्यानं या भानगडीत पडू नये, हे माझं स्पष्ट मत. पण म्हाताऱ्या माणसाला दाखवायला न्यायचं आणि घाई करायची, मग नेताच कशाला?

दुसऱ्या दिवशी पाणचक्की. खाम नदीच्या काठी, मेहमूद दरवाज्याला लागून. स्थानकापासून जवळच, तरी गुडघ्यांसाठी रिक्षा केली. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलं, त्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ निघायचं. आई त्या दगडी जात्यापाशी वाकून उभी राहिली. पहाटे उठून दळण दळलेली बाई ती. पाण्याकडं बघितलं, जात्याकडं बघितलं.

"एवढ्या वर्सांपासून हे इथं हाये," ती म्हणाली, "आन् आमच्या मायला कुनी सांगितलं न्हाई!"