‘प्रिन्स’ सोपा करा, पण फुकटात नको

जुन्या गेम्सचे चाहत्यांनी केलेले रिमेक मी हौसेने डाउनलोड करतो आणि बहुतेक अर्ध्यात सोडतो. चित्रं गुळगुळीत, संगीत झकास, पण खेळायला लागलं की कळतं, मूळ गेममध्ये जे अवघड होतं तेच नेमकं काढून टाकलंय. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या ‘एसडीएलपॉप’ या चाहत्यांच्या आवृत्तीने मात्र मला पूर्ण जिंकलं, म्हणून ही लांबण. डॉसवरच्या (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या) गेमचा मशीन कोड, म्हणजे फक्त यंत्राला कळणारा कोड, उलगडून त्यांनी तो सी भाषेत पुन्हा उभा केला. विंडोज, लिनक्सवर चालतो, पैसे पडत नाहीत, आणि कोड कुणालाही वाचायला खुला आहे.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून, म्हणजे चीट चालू ठेवून, गेम सुरू करणं आठवत असेल. आपण तो डॉसवर पाहिला, पण गेम मूळचा अमेरिकेतल्या अॅपल टू या कॉम्प्युटरचा. गेमचा कर्ता जॉर्डन मेकनर याने १९८५ मध्ये धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचा व्हिडिओ काढला आणि फ्रेम बघून बघून प्रिन्सची हालचाल रेखाटली. गेम बाजारात यायला १९८९ उजाडलं, तोवर अॅपल टूची सद्दी संपत आली होती. मेमरी इतकी अपुरी की शत्रूची वेगळी चित्रं बसेनात. मग प्रिन्सचीच चित्रं एक बिट सरकवून त्यांचा मूळ चित्रांशी एक्सॉर केला (दोन चित्रं ताडून फक्त वेगळे बिट ठेवले), आणि त्यातून ती लुकलुकणारी सावली निघाली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती आपल्यातून सुटते, पुढच्या लेव्हलला आपल्यासाठीचं औषध पिऊन पसार होते, आणि बाराव्या लेव्हलला तिच्याशी लढत बसलात तर जखम तिला होते आणि रक्त आपलं कमी होतं. तलवार म्यान करून सरळ चालत गेलं की ती आपल्यात विरघळते. मेमरी भरपूर असती तर हे सुचलं असतं का, मला शंका आहे.

आता मुद्द्याचं. या गेमचा प्राण दोन गोष्टींत आहे: प्रिन्सचं वजन आणि साठ मिनिटं, ज्यांच्या आत गेम संपवावाच लागतो. बटण दाबलं की तो लगेच उडत नाही, आधी पाऊल टाकतो. एक मजला खाली पडला तर काही होत नाही, दोन मजल्यांना रक्ताचा (जिवाचा) एक त्रिकोण जातो, तिसऱ्याला खेळ खलास. २००७ चा अधिकृत रिमेक, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक’, दिसायला फार देखणा. पण त्यातला प्रिन्स कोलांट्या काय मारतो, भिंतीवरून उलटी उडी काय घेतो! कड्याच्या टोकाशी शिफ्ट दाबून एकेक पाऊल सरकताना जी धाकधूक व्हायची, ती तिथे मला जाणवलीच नाही.

एसडीएलपॉपवाल्यांनीही गेम सोपा केलाय, नाही असं नाही. एफ ६ दाबा, सेव्ह. एफ ९ दाबा, परत तिथूनच चालू. हे वाचून माझं तोंड वाकडं झालं होतं, कारण दर दोन पावलांनी सेव्ह करता आलं तर त्या घड्याळाला अर्थ काय? पण त्यावर त्यांनी एक दंड ठेवलाय: सेव्ह केलेला गेम परत लोड केलात की वेळेतून एक मिनिटापर्यंत कापून घेतात. (नकोच असेल तर सेटिंगमध्ये बंदही करता येतं.) म्हणजे चुकायची मुभा आहे, फक्त तिचं बिल साठ मिनिटांतूनच भरायचं.

आणि हा न्याय त्यांनी बाहेरून आणलेला नाही. मूळ डॉस गेममध्ये शिफ्ट-एल दाबून चौथ्या लेव्हलपर्यंत उडी मारता यायची. मेगाहिटशिवाय तसं केलं की शिल्लक वेळ एकदम पंधरा मिनिटांवर यायची. गेम इतका बारकाईने वाचल्यावरच त्यात अशी भर घालता येते.

मूळ गेममधल्या चुकांबाबतही तेच. त्या सापडल्या, दुरुस्त्या लिहिल्या, आणि प्रत्येक दुरुस्तीला वेगळा चालू-बंद पर्याय दिला. वर्षानुवर्षं त्या चुकांचा फायदा घेऊन विक्रमी वेळात गेम संपवणारे लोक आहेत; त्यांच्यासाठी ती चूकही गेमचाच भाग. ‘आम्ही सुधारून दिलंय, गुमान खेळा’ हा तोरा इथे नाही.

चाहत्यांची चिकाटी काय असते बघा. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर हा गेम अधिकृतपणे कधी आलाच नाही. २०११ मध्ये मिस्टर सिड या टोपणनावाच्या प्रोग्रामरने अॅपल टूची आवृत्ती उसवून तो तिथे आणला, मूळ सोर्स कोड हाताशी नसताना. आणि २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना एका खोक्यात हरवलेल्या फ्लॉप्या सापडल्या! कोड वाचवून सगळ्यांसाठी खुला केला गेला. मिस्टर सिडने कपाळावर हात मारला असेल की हसला असेल, कुणास ठाऊक.

खेळणार असाल तर पहिल्यांदा दुरुस्त्या बंद ठेवा, दंड चालू ठेवा. तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा तलवारीने मरत नाही, उगाच रक्त आटवू नका. त्याला मागे रेटत कड्यावरून खाली ढकला. आणि कमेंटमध्ये ‘मी साठ मिनिटांत संपवला होता’ असं लिहिणाऱ्यांनी मेगाहिट वापरलं होतं की नाही, तेही लिहा.