डोळ्यांनी पाहिलं म्हणे!

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!" आज पुन्हा हे वाक्य ऐकलं. झालं, वाद संपला म्हणे. डोकं उठलंय, म्हणून लिहितेय.

कोरा कागद घ्या. डावीकडे फुली, तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर लहान ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फक्त फुलीकडे बघा. कागद हातभर लांबून सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब! नाही झाला? मग नजर ठिपक्याकडे सरकली असणार, नाहीतर कागद तिरपा धरलाय.

कारण साधं आहे. डोळ्याच्या पडद्यावरून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. पण खरी गंमत पुढे आहे. ठिपक्याच्या जागी भोक दिसत नाही, काळा डागही नाही. कोरा कागद दिसतो! कागद पिवळा असेल तर पिवळं दिसतं. ठिपक्याऐवजी मध्ये सेंटिमीटरभर तुटलेली उभी रेघ काढा, ती अखंड दिसते. मेंदू आजूबाजूचं बघून ठोकून देतो, आणि "हा माझा अंदाज हं" एवढंही सांगत नाही.

चंद्रावरच्या विवरांचा, वरून उजेड पडलेला फोटो उलटा धरा. खड्ड्यांचे उंचवटे होतात. का? तर उजेड वरूनच येतो, हे आपण न बोलता धरून चाललेलो असतो. बरं, चूक कळली म्हणून ती जाते असंही नाही. टोकांना उलटसुलट बाण असलेल्या त्या दोन रेघा (म्युलर-लायरचा दृष्टिभ्रम, १८८९) पट्टीने मोजा, सारख्या भरतील. तरी एक लांबच दिसत राहते. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये स्थळ आणि काळही आपणच अनुभवाला पुरवतो म्हटलं, पण तेवढं लांब कशाला, ठिपकाच पुरे आहे.

हो, मान्य, हे अंदाज बहुतेकदा बरोबर निघतात. नाहीतर जिना उतरणं मुश्कील होतं.

आणि "डोळ्यांनी पाहिलंय" म्हणणारा खोटं बोलत नसतो, हेही आता लिहिता लिहिता पटतंय. त्याला खरंच तसं दिसलेलं असतं, कोरा कागद दिसतो तसंच. म्हणून त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. पण मग "त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं" म्हणून एखाद्याला गुन्हेगार ठरवताना इतकी खात्री कुठून येते हो?

असो. "मला तर ठिपका दिसतोच" म्हणणाऱ्यांनी कुठला डोळा झाकलाय ते आधी बघावं.