कुकरमध्ये वाटी टाका म्हणे!

आज सकाळी सव्वासहाला मी स्टुलावर चढून एक्झॉस्ट फॅनची पाती पुसत होतो. वरणाने माखलेली. पिवळी धम्मक. का, तर कुठल्यातरी रीलमध्ये एका बाईने नेलपॉलिश लावलेल्या हाताने डाळीत स्टीलची वाटी सोडली आणि म्हणाली आता एक थेंब बाहेर येणार नाही. एक नाही आला, बरोबर आहे. अर्धा कुकर आला.

आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. बायको पावणेसातला ड्युटीला निघते, पोराची बस सव्वासातची, त्यामुळे तीन डबे मी भरतो आणि चार वर्षं भरतोय, कुणी उपाशी राहिलेलं नाही. पण पुरुष माणूस ओट्यापाशी उभा राहतो एवढं कळलं की अख्ख्या खानदानाला टिपा सुचायला लागतात राव. ऑफिसातला तो, ज्याला चहा करताना पातेल्यात आधी काय घालायचं हे माहीत नाही, तोसुद्धा मला 'पसारा न होता पाच मिनिटात भाजी' पाठवतो. आणि आमची आत्या तर काय, फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांखाली एक किचन टीप असतेच.

ही वाटीची रीलही तिनेच पाठवलेली. आधी म्हणे, अरे एवढी भांडी कशाला काढतोस, डाळ डायरेक्ट कुकरमध्ये लाव, दोन भांडी वाचतात. मी आपला आईच्या पद्धतीने लावत होतो, तळाला पाणी, त्यात जाळी, खाली वरणाचं भांडं, वर भाताचं, त्यावर ताटली. त्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकायची म्हणजे कुकर आतून काळा पडत नाही. या पद्धतीत डाळ उतू गेलीच तर ती कुकरच्या तळातल्या पाण्यात जाते, शिट्टीतून बहुतेक नुसती वाफ येते, घरभर वरण उडत नाही. इतकी वर्षं माझ्या डोक्यात हा प्रकार 'जुनाट' म्हणून बसला होता कारण त्याचा कुणी व्हिडिओ केला नव्हता.

तर ऐकलं आत्याचं. पाच लिटरचा कुकर, दोन वाट्या तुरीची डाळ, हळद, हिंग, टोमॅटो, पालक पण घातला कारण पोरगा नुसता पालक खात नाही, मग पाणी, आणि वर ती वाटी. पाऊण कुकर भरला. हां, ही माझी चूक, कबूल आहे. कुकरबरोबर जे पुस्तक येतं ना, जे आपण सगळे न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतो, त्यात स्पष्ट असतं की डाळीसारख्या फेस येणाऱ्या वस्तू अर्ध्याच्या वर भरायच्या नाहीत. पण त्या बाईने रीलमध्ये हे सांगितलं का? तिने फक्त वाटी सांगितली! डाळ उकळली की तिच्यातलं प्रोटीन आणि स्टार्च फेस धरतं, गॅस मोठा असला की फेस चढत चढत झाकणापर्यंत जातो आणि वाफेबरोबर शिट्टीतून बाहेर फेकला जातो, एवढी साधी गोष्ट आहे. त्यात वाटी काय करणार बिचारी, ती तळाशी जाऊन झोपली होती. दुसरी टीप होती झाकणाला आतून तेल लावा. तेही लावलं होतं मी. त्यामुळे भिंतीवर जे गेलं ते तेलकट वरण गेलं.

ज्यांनी हे पुसलेलं नाही त्यांना कळणार नाही. टाइल पुसता येते हो, दोन टाइलच्या मधली जी पांढरी रेघ असते ती पुसता येत नाही, तिथे हळद बसली की बसली. बर्नरच्या भोकांत डाळ शिजून घट्ट झाली, आता एका बाजूनेच निळी ज्योत येते आणि दुसऱ्या बाजूने पिवळी. शेगडीच्या नॉबमागे गेलं. मिक्सरच्या वायरीवर गेलं. पोराच्या भूगोलाच्या वहीवर महाराष्ट्राचा नकाशा होता, कोकण सगळं वरणात.

मग साफ करायची पण टीप असतेच की! सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, बघा कसा फेस येतो. येतो ना फेस, फेस बघून वाटतं काहीतरी जबरदस्त चाललंय, प्रत्यक्षात ते दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात आणि खाली उरतं खारट पाणी. शाळेत आम्ल आणि आम्लारी काय गवत उपटायला शिकलो का आपण? नुसता सोडा ओला करून घासला तर निदान थोडं निघतं. मी शेवटी भांड्याचा साबण, गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो.

आणि हे एकट्या कुकरचं नाही. लसूण डब्यात घालून हलवा, सालं आपोआप निघतात. त्या मोठ्या जाड पाकळ्यांची निघत असतील, आमच्याकडे गावाकडून येतो तो बारीक लसूण, तो हलवून हलवून माझा खांदा निघाला साल नाही निघाली, वर तो डबा तीन दिवस लसणीचा वास मारत होता. दुधाच्या पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवा, उतू जात नाही. दोन मिनिटं नाही जात, तेवढ्यात सिलेंडरवाला बेल वाजवतो आणि उलथन्यासकट सगळं खाली. आमटी खारट झाली तर बटाटा टाका, तो मीठ ओढून घेतो. बटाट्याला काय कळतं मीठ कुठलं आणि पाणी कुठलं, तो आमटी पितो, मीठ तेवढंच खारट राहतं, फक्त आमटी कमी होते. भजी पेपरवर काढा, ताट तेलकट होत नाही. अरे २०१६ साली एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, सांगितलंय की छापील कागदात खाऊ नका, शाईतलं नको ते पोटात जातं, तरी लोक टीप म्हणून सांगतात!

बरं, कामाच्या गोष्टी नसतात का, असतात. भेंडी धुऊन फडक्याने कोरडी पुसून मगच चिरायची आणि मीठ शेवटी, मग तार सुटत नाही. कढीपत्ता ओला फोडणीत टाकायचा नाही, पाणी गरम तेलाखाली जाऊन फाटकन वाफ होते आणि तेल तोंडावर येतं. जाडे पोहे भिजत घालायचे नाहीत, चाळणीत धरून नळाखाली धुवायचे. डाळीचं म्हणाल तर अर्ध्याच्या खाली भरा, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा, आणि शिट्टी रोज धुवा, झाकणाची ती नळी उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का बघा. पण यात नेलपॉलिश कुठे दाखवणार, म्हणून कुणी सांगत नाही.

माझं डोकं खरं कशाने फिरतं सांगू का, या एकाही व्हिडिओत सिंक दिसत नाही. पसारा होणार नाही म्हणतात आणि मीठ एका काचेच्या वाटीत, हळद दुसऱ्या, जिरं तिसऱ्या, कापलेली मिरची चौथ्या. पाच मिनिटाची भाजी आणि अकरा वाट्या, मी मोजल्यात. मागे एकदा मी असलाच एक प्रकार केला होता तेव्हा आमच्या भांडीवाल्या मावशी सिंककडे बघून म्हणाल्या, "दादा, काल पाहुणे आल्ते का?"

आज वरण कुणाच्याच डब्यात गेलं नाही. पोळी, शेंगदाण्याची चटणी आणि काल उरलेली कोबी. बायको निघताना एकदा वर छताकडे बघून म्हणाली, "दिवाळीला रंगकाम काढूच," आणि गेली, तिच्या ओढणीवर एक ठिपका होता तो मी सांगितला नाही. रागाच्या भरात मी त्या भिंतीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आत्या ही तुझी वाटी.

चार मिनिटात आत्याचा रिप्लाय आला. "अरे, मोठ्या कुकरला दोन टाकायच्या असतात."